रेघेखालचं नाव

सतरा जणांची यादी आदल्या रात्रीच झाली होती.
प्राचार्यांची सही, सहीखाली शिक्का,
शिक्क्याखाली मी पट्टीनं ओढलेली रेघ.
हा अठरावा. सकाळी साडेसहाला फाटकाशी उभा,
पेठ रोडच्या वसतिगृहातून चालत आलेला,
हातात पिशवी, पिशवीत बूट,
बुटांना दोन रंगांच्या नाड्या.

निफाडचा पारा सहावर आल्याचं पेपरात होतं.
ग्राउंडवर दव इतकं
की बॉल जाईल तिथं गवतात काळी वाट उमटायची.
फॉर्म भरलायस? नाही, सर.
कुणी पाठवलं? कुणी नाही.
मी पेन्सिलीनं लिहिलं: हिरामण बेंडकोळी,
बी.ए. पहिलं वर्ष, जागा: बचाव.

उंची पाच फूट पाच.
वजनाच्या रकान्यात काय लिहू विचारलं,
तर केदारे सर म्हणाले, स्वेटरसकट लिही.
तीस मीटर: चार पूर्णांक नऊ. यादीतला शेवटचासुद्धा याच्या पुढे.
डावा पाय: चालण्यापुरता.
हेडर: डोळे मिटतो.
पास: बरा.
'बरा' खोडून पुन्हा 'बरा'च लिहिलं.

माझ्या वेळी असे रकाने नव्हते.
माझं नाव रेघेच्या वर होतं, शाईनं,
आणि दुसऱ्याच मॅचमध्ये देवळाली कॅम्पच्या मैदानावर
गुडघ्यातून काडी मोडल्यासारखा आवाज आला.
शाईला काय कळतं.

मग सामना लावला, नऊ विरुद्ध नऊ.
वीस मिनिटं तो दिसलाच नाही,
म्हणजे होता, पण बॉल त्याच्याकडे जातच नव्हता.
मी रकान्यात लिहिलं: सहभाग कमी.
पलीकडून गोलकीपर इम्तियाज ओरडला,
सर, याच्या बाजूनं कुणी येतच नाहीये!
मी ते तक्रार म्हणून ऐकलं.
तक्रार होती की काय होतं, अजून ठरवतोय.

आणि तेवढ्यात ओझरकडून ते विमान आलं.
खाली, अगदी खाली,
दातांत आवाज घुमावा इतकं खाली.
सतरा माना वर. केदारे सरांची वर.
चहावाल्या पोराची वर, आणि माझी,
जन्मभर नाशिकात राहून अजून माझीही वर.

मान खाली आणली तेव्हा
शार्दूल कोठुळे गवतात बसलेला, घोटा धरून,
आमचा पहिल्या नंबरचा स्ट्रायकर,
आणि बॉल बेंडकोळीच्या पायाखाली, निवांत,
दारात कुत्रं बसावं तसा.

कसा काढला?
कुणीच पाहिलं नव्हतं.
सगळं मैदान आभाळात होतं, एकटा तो खाली.
शार्दूल म्हणाला, फाऊल, सर, सरळ फाऊल.
सरांनी ह्याला विचारलं.
त्यानं थोडा वेळ बुटाकडे पाहिलं,
हिरव्या नाडीकडे, मग पांढऱ्या.
लागला, सर. पण आधी बॉल. पाय नंतर.
मग शार्दूलला हात दिला. शार्दूलनं घेतला नाही.

केदारे सर माझ्याकडे वळले: तू काय पाहिलंस?
चाळीस रकाने आहेत या वहीत,
'मी वर बघत होतो' याला एकही नाही.

अठराव्याला किट नाही, दूध-अंड्याचा भत्ता नाही,
औरंगाबादला गेलो तर बसमध्ये सीट नाही.
सराव करायचा, सतरा जणांना धडकायला
एक अंग हवं असतं, ते व्हायचं.
हे सगळं मी त्याला सांगितलं, जरा जास्तच कडक आवाजात.
तो ऐकत पिशवीत बूट भरत होता,
तळव्यांची माती आधी एकमेकांवर आपटून.
म्हणाला, चालेल.
मग म्हणाला, सर, वजन पुन्हा घ्या ना,
स्वेटर मित्राचं आहे.

पुन्हा घेतलं. बावन्न.
चोपन्न खोडलं.
रेघेखाली जागा अर्ध्या बोटाची होती,
अक्षर बारीक काढावं लागलं.
पेन्सिलीनंच लिहिलं.
खोडरबर मात्र संध्याकाळपासून सापडत नाहीये,
आणि मी फारसं शोधलेलंही नाही.